बुरशी आणि कीटकनाशक एकाच पंपात टाकावं का? हुमणीच्या निमित्ताने समजून घ्या हे गणित

वळवाचा पहिला दमदार पाऊस पडला की ऊसपट्ट्यात एक गोष्ट हमखास होते. दिवस मावळला की कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांभोवती तपकिरी भुंगेरे घोंगावायला लागतात. रात्रभर पाला खातात, जोड्या जमवतात आणि उजाडायच्या आत परत जमिनीत जातात. बघणाऱ्याला वाटतं, पावसाळी किडे आहेत, चार दिवसांत जातील.

पण या भुंगेऱ्यांच्या माद्या मातीत अंडी घालतात. त्यातून पांढऱ्या, मऊ, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वाकड्या अळ्या निघतात. हीच ती हुमणी. श्रावण-भाद्रपदात ती ऐन भरात येते आणि उसाच्या मुळ्या खात सुटते. वरून हिरवागार दिसणारा ऊस पिवळा पडतो, वाळतो आणि हाताने ओढला तर बुडासकट अलगद वर येतो. वर्षभराच्या पिकाची ही अवस्था बघितली की शेतकरी तडक कृषी सेवा केंद्र गाठतो.

तिथे त्याच्यासमोर दोन गोष्टी येतात. एक रासायनिक कीटकनाशक आणि दुसरी जैविक बुरशीची पिशवी, मेटारायझियम किंवा बिव्हेरिया असं काहीतरी नाव असलेली. मग प्रश्न पडतो तो सगळ्यांनाच. दोन्ही एकदमच टाकली तर? औषध लगेच मारेल, उरलेल्यांना बुरशी मारेल. खर्च झाला तरी चालेल, पण कीड जाईल.

ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण गंमत अशी आहे की हे मिश्रण कधी एक अधिक एक तीन करतं, तर कधी एक अधिक एक अर्धाच. आणि यातलं काय होणार हे पिशवीच्या रंगावरून कळत नाही. हे नेमकं कसं होतं तेच आज बघू.

आधी ही बुरशी काय करते ते बघा

बुरशी म्हटलं की आपल्याला शिळ्या भाकरीवरची किंवा लोणच्यावरची बुरशी आठवते. पण काही बुरश्या जिवंत किड्यांवर जगतात. किड्यांवर असे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांना मारतात, हे माणसाला कळलं ते रेशमाच्या किड्यांमुळे.

इटलीतल्या लोदी शहराजवळ राहणारे अगोस्तिनो बास्सी रेशीमकिड्यांच्या एका रोगाचा अभ्यास करत होते. या रोगाने मेलेले किडे कडक व्हायचे आणि त्यांच्या अंगावर पांढरी पावडर धरायची. वर्षानुवर्षं प्रयोग करून बास्सींनी १८३५ मध्ये सांगितलं की हा संसर्गजन्य रोग आहे आणि तो एका सूक्ष्म जीवामुळे होतो. लुई पाश्चर यांचं काम पुढे यायला अजून काही दशकं बाकी होती. त्या बुरशीला पुढे बास्सींच्याच नावावरून नाव मिळालं, बिव्हेरिया बॅसियाना.

दुसरी बुरशी मेटारायझियम. तिची गोष्ट तर थेट हुमणीच्या नात्यातली आहे. १८७० च्या दशकात रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनच्या भागात, गव्हावर एका भुंगेऱ्याने धुमाकूळ घातला होता. त्याचं शास्त्रीय नाव ॲनिसोप्लिया ऑस्ट्रियाका. हुमणीचा भुंगेरा ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. याच्याही अळ्या मातीतच राहतात. ओडेसात काम करणारे शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांना या अळ्या हिरव्या बुरशीने मरताना दिसल्या. १८७९ मध्ये त्यांनी ही बुरशी वाढवून किडीविरुद्ध वापरता येईल अशी कल्पना मांडली. तिच्या नावातलं ‘ॲनिसोप्ली’ हे त्या भुंगेऱ्यावरूनच आलं. याच मेचनिकोव्ह यांना पुढे १९०८ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

म्हणजे हुमणीसाठी मेटारायझियम हे काही कालपरवाचं फॅड नाही. या कुळातल्या किडीवर ही बुरशी चालते हे १४० वर्षांपेक्षा जास्त काळ माहीत आहे. ऑस्ट्रेलियात उसाच्या हुमणीसाठी तांदळाच्या दाण्यांवर वाढवलेलं मेटारायझियम विकलं गेलं. आपल्याकडेही ऊस संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठं ते शेणखतात मिसळून वापरायला सांगतात.

किडा मरतो कसा?

रासायनिक औषध बहुतेक वेळा किड्याच्या मज्जासंस्थेवर हल्ला करतं. ते पोटात गेलं किंवा अंगाला लागलं की थरथर, लुळेपणा आणि खेळ खलास. बुरशीचं तसं नाही. तिला पोटात जायचीही गरज नसते.

बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं बी म्हणा, किड्याच्या कातडीला चिकटतात. ओलावा मिळाला की ते रुजतात. त्यातून बारीक नळी निघते, तिचं टोक फुगून कातडीला घट्ट धरतं. मग कातडीतली चरबी, प्रथिनं आणि कायटिन विरघळवणारी विकरं सोडत ती नळी आत घुसते. आत गेल्यावर किड्याच्या रक्तात बुरशी वाढते, त्याचं अन्न खाते, काही विषारी द्रव्यंही सोडते. किडा सुस्तावतो, खाणं सोडतो आणि काही दिवसांनी मरतो. मग ओलावा असेल तर बुरशी आतून बाहेर येते. बिव्हेरिया असेल तर पांढरी, मेटारायझियम असेल तर आधी पांढरी आणि नंतर हिरवी पावडर. त्या पावडरीत पुढच्या किड्यांसाठी पुन्हा लाखो बीजाणू तयार असतात.

यात बुरशीच्या दोन अडचणी दिसतात. पहिली म्हणजे वेळ. साधारण आठवडा आणि हुमणीसारख्या मोठ्या अळीत त्याहून जास्त दिवस लागू शकतात. तोवर अळी मुळ्या खातच असते. दुसरी अडचण म्हणजे किडा गप्प बसून राहत नाही. तो अंग घासतो, साफ करतो, बीजाणू असलेल्या जागेपासून दूर सरकतो. अळी असेल तर कात टाकते आणि जुन्या कातडीबरोबर चिकटलेले बीजाणूही टाकून देते.

नेमकं इथेच शास्त्रज्ञांना रसायनाची आठवण झाली.

वाळवीने शिकवलेला धडा

वाळवी मारणं अवघड का असतं माहितीये? तिच्या स्वच्छतेमुळे. वारुळातल्या वाळव्या सतत एकमेकींचं अंग चाटून साफ करतात. अंगावर बुरशीचे बीजाणू पडले तरी शेजारीण ते काढून टाकते. रोगाने मेलेल्यांना पुरतात, वेगळं करतात. थोडक्यात, अख्खी वसाहत एकमेकांची डॉक्टर असते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातले ड्रायन बुसियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. वाळवीला इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची अगदी थोडी मात्रा मिळाली तर ती लगेच मरत नाही, पण गोंधळते. चालणं मंदावतं आणि एकमेकींना साफ करणं थांबतं. मग एरवी सहज झटकले जाणारे बीजाणू अंगावर तसेच राहतात, रुजतात आणि वाळवी बुरशीने मरते.

म्हणजे खुनी बुरशीच होती. औषधाने फक्त वाळवीचा हात धरून ठेवला.

फ्लोरिडातच संत्रावर्गीय झाडांच्या मुळ्या खाणाऱ्या सोंडकिड्याच्या अळ्यांवर असे प्रयोग झाले. या अळ्याही हुमणीसारख्या मातीत राहून मुळ्या खातात. इमिडाक्लोप्रिडच्या कमी मात्रेने त्यांची हालचाल मंदावली आणि सोबत बिव्हेरिया किंवा मेटारायझियम असताना मरणाऱ्या अळ्यांचं प्रमाण वाढलं. हुमणीच्या जातभाईंवर किडे मारणाऱ्या सूत्रकृमींचे प्रयोग झाले, त्यातही हेच दिसलं. एरवी हुमणी अंग घासून, वळवळ करून सूत्रकृमींना दूर ठेवते. इमिडाक्लोप्रिडने ती सुस्त झाली की सूत्रकृमींना आत शिरायला वाट मिळते.

मदत एवढ्यावरच थांबत नाही. औषधाने खाणं थांबलं की अळी उपाशी पडते आणि तिची वाढ रखडते. कात टाकायला उशीर झाला तर बुरशीला कातडीतून आत जायला जास्त वेळ मिळतो. कायटिन तयार होऊ न देणारी काही औषधं असतात, त्यांच्यामुळे नवी कातडी कच्ची राहते. शिवाय विष पचवायला किड्याला शरीरातली ताकद खर्च करावी लागते, ती रोगाशी लढायला उरत नाही.

उलट दिशेनेही हे घडतं. आफ्रिकेतले मलेरिया पसरवणारे काही डास औषधांना दाद देईनासे झाले होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा डासांना आधी बुरशीची लागण केली गेली. नंतर तेच डास परमेथ्रिन आणि डीडीटीला पुन्हा जास्त प्रमाणात बळी पडले. ज्या औषधाची धार बोथट झाली होती, तिला बुरशीने थोडं पाणी दिलं.

मग ‘एक अधिक एक तीन’ झालं हे ओळखायचं कसं?

जाहिरातीत सगळंच ‘दुहेरी ताकद’ असतं. शास्त्रज्ञ मात्र साधा हिशेब मांडतात. तो तुम्हीही मांडू शकता.

समजा १०० अळ्या आहेत. नुसत्या बुरशीने ४० मरतात. नुसत्या औषधाच्या कमी मात्रेने ३० मरतात. दोन्ही एकत्र दिले तर किती मरायला हव्यात? ७० म्हणाल तर चूक. कारण काही अळ्या अशा असतील ज्या दोन्हींपैकी कशानेही मेल्याच असत्या, त्या दोनदा मोजून चालणार नाही. बुरशीने ४० गेल्या, उरल्या ६०. त्यातल्या ३० टक्के म्हणजे १८ औषधाने. एकूण ५८.

आता प्रयोगात खरोखर ५८ च्या आसपास मेल्या, तर दोघांनी आपापलं काम केलं, एकमेकांना ना मदत ना अडथळा. ८० मेल्या तर एकमेकांना बळ मिळालं. आणि ४५ मेल्या, तर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालत आहेत.

शेवटची शक्यता लक्षात ठेवा. कारण ४५ हा आकडा नुसत्या बुरशीच्या ४० पेक्षा जास्तच आहे. शेतकऱ्याला वाटेल, चला, फायदा झाला. प्रत्यक्षात दोन पिशव्यांचे पैसे देऊन त्याला एका पिशवीपेक्षा जेमतेम थोडं जास्त मिळालं.

पायात पाय येतो कुठे?

उत्तर सोपं आहे. बुरशी जिवंत आहे. कीटकनाशकाच्या डब्यात निर्जीव रसायन असतं, पण जैविक पिशवीत जिवंत बीजाणू असतात. त्यांना मारलं की पिशवीत उरते ती नुसती भुकटी.

आणि बीजाणूंना मारणाऱ्या गोष्टी आपल्या फवारणीत भरपूर असतात. पहिला नंबर अर्थातच बुरशीनाशकांचा. मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, तांब्याची औषधं, गंधक यांचं कामच बुरशी मारणं आहे. करप्याची बुरशी वाईट आणि मेटारायझियम चांगलं, हे त्यांना कळत नाही. तरीही ‘एकाच फेरीत सगळं’ या हट्टापायी जैविक बुरशी आणि बुरशीनाशक एकाच टाकीत पडतात. हे म्हणजे विरजण लावताना दुधात ॲसिड ओतण्यासारखं आहे.

दुसरा नंबर काही कीटकनाशकांचा. इथे मात्र सरसकट बोलता येत नाही. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी औषधं बऱ्याच प्रयोगांत बुरशीला तुलनेने कमी त्रास देताना दिसली आहेत. क्लोरपायरीफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं बऱ्याच वेळा बुरशीची वाढ आणि बीजाणू दोन्ही रोखतात. ज्या औषधांच्या नावापुढे ‘ईसी’ असतं, त्यांच्यात औषध विरघळवायला तेलकट द्रावक असतात. पाण्यात टाकलं की दूध होतं ते यांच्यामुळेच. मूळ औषध निरुपद्रवी असलं तरी हे द्रावक बीजाणूंना मारू शकतात. त्यामुळे एकाच रसायनाची एका कंपनीची भुकटी चालेल आणि दुसऱ्याचं द्रव चालणार नाही, असंही होऊ शकतं.

हे तपासतात कसं?

प्रयोगशाळेत बुरशी वाढवायला बटाट्याचा अर्क घातलेली जेली वापरतात. तिच्यात ठरलेल्या मात्रेत कीटकनाशक मिसळतात आणि मधोमध बुरशी लावतात. औषध नसलेल्या जेलीवर बुरशी किती पसरली आणि औषधाच्या जेलीवर किती, याची तुलना होते. पण नुसतं पसरणं पुरेसं नाही. किडा मारायला लागतात बीजाणू. म्हणून तेही मोजतात.

ब्राझीलमध्ये यासाठी एक सूत्र तयार झालं, ते जगभर वापरलं गेलं. त्यात वाढीला २० टक्के आणि बीजाणूंना ८० टक्के वजन असतं. येणारा आकडा ३० पर्यंत असेल तर औषध बुरशीला अतिविषारी, ३१ ते ४५ विषारी, ४६ ते ६० मध्यम आणि ६० च्या वर असेल तर दोघांचं जमतं असं धरतात.

उदाहरण घेऊ. एका औषधाच्या जेलीवर बुरशीची वाढ नेहमीच्या ८० टक्के झाली. डोळ्यांना वाटेल, मस्त आहे की! पण बीजाणू तयार झाले फक्त ३० टक्के. हिशेब केला तर ८० चे २० टक्के म्हणजे १६, ३० चे ८० टक्के म्हणजे २४, बेरीज ४०. निकाल ‘विषारी’. डोळ्यांना फसवणारी गोष्ट सूत्राने पकडली.

अर्थात ही परीक्षा बुरशीसाठी जरा जास्तच कडक आहे. जेलीवर ती दिवसरात्र औषधातच असते. शेतात औषध पसरतं, विरतं, मातीला चिकटतं. त्यामुळे जेलीवर पास झालेलं औषध शेतात बहुधा चालतं, पण नापास झालेलं शेतात तितकंच घातक ठरेल असं नसतं. म्हणून जेलीनंतर कुंडीत आणि मग शेतात प्रयोग करावे लागतात.

बरेच जण घरी एक परीक्षा करतात. काचेच्या बाटलीत दोन्ही औषधं पाण्यात मिसळायची, गुठळ्या झाल्या नाहीत, गरम झालं नाही, खाली साका बसला नाही तर ‘जमतंय’ म्हणायचं. दोन रसायनांसाठी ही परीक्षा उपयोगी आहे. पण बीजाणू मेले की जगले हे बाटलीत दिसत नाही. मेलेले बीजाणूही पाण्यात तितकेच छान मिसळतात.

‘जरा जास्त’ आणि ‘सगळं एकत्र’ यांची किंमत

इथे मुद्दा नुसत्या पैशाचा राहत नाही. २०१७ चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. डोक्यावरून उंच वाढलेला कापूस, उकाडा, अंगावर संरक्षक कपडे नाहीत अशी बरीच कारणं पुढे आली. त्यात एक कारण होतं वेगवेगळी औषधं मनाने एकत्र करून फवारणं.

दोन रसायनं एकत्र आली की किडीवरचा परिणाम जसा बदलतो, तसा माणसावरचाही बदलू शकतो. बुरशी माणसाच्या दृष्टीने बरीच सुरक्षित मानली जाते, पण ती ज्या रसायनात मिसळली जाते ते रसायन तितकंच विषारी राहतं. ‘जैविक मिसळलंय’ म्हणून हातमोजे, मास्क काढून ठेवणं हा जिवाशी खेळ आहे. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

आणखी एक गोष्ट. प्रयोगांत ‘कमी मात्रा’ वापरून फायदा झाला, म्हणून आपणही अर्धं औषध आणि थोडी बुरशी टाकू, असं मनाने ठरवणं धोक्याचं आहे. बुरशी निकामी निघाली तर शेतात उरतं फक्त कमी मात्रेतलं औषध. त्यातून काटक किडे वाचतात, त्यांचीच पिल्लं वाढतात आणि काही वर्षांत ते औषध चालेनासं होतं. भारतात कीटकनाशकांचा वापर १९६८ च्या कायद्याखाली येतो. कोणतं औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत हे लेबलवर ठरवून दिलेलं असतं. मात्रा कमी करायची असेल तर तो निर्णय प्रयोग करून विद्यापीठाने द्यायचा असतो.

आणि मधमाशा विसरू नका. ज्या इमिडाक्लोप्रिडचं बुरशीशी चांगलं जमतं, त्याच्यासह निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर युरोपियन युनियनने २०१८ मध्ये मधमाशांसाठी बंदी घातली. बुरशीशी जमणं म्हणजे सगळ्या जिवांशी जमणं नव्हे.

मग हुमणीवाल्या शेतकऱ्याने करायचं काय?

पहिली गोष्ट, लढाई अळीच्या आधी सुरू करायची. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी झाडांच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, प्रकाश सापळे लावायचे. एक मादी मातीत डझनावारी अंडी घालते. ती अंडी घालण्याआधी मेली तर पुढचा सगळा खर्च वाचतो. पण हे एकट्याने करून उपयोग नाही. तुमच्या झाडावरचे भुंगेरे मेले आणि शेजाऱ्याचे राहिले तर अंडी तुमच्याही बांधात पडणार. गावाने मिळून करायचं काम आहे हे.

दुसरी गोष्ट, वेळ. हुमणी लहान असताना बुरशीही चालते आणि औषधही. मोठी, तिसऱ्या अवस्थेतली अळी दोघांनाही सहज दाद देत नाही. म्हणून मेटारायझियम पावसाळ्याच्या सुरुवातीला, जमिनीत ओल असताना, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांजवळ गेलं पाहिजे. ऊस पिवळा पडल्यावर पिशवी आणायला धावणं म्हणजे वरात गेल्यावर घोडं सजवणं.

तिसरी गोष्ट, दोन्ही वापरायचेच असतील तर शक्यतो वेगवेगळे वापरा. कृषी विद्यापीठाची किंवा उत्पादकाची लेखी शिफारस नसेल तर एकाच टाकीत मिसळू नका. रासायनिक कीटकनाशक आणि बुरशी यांच्यात साधारण आठवडाभराचं अंतर ठेवा. बुरशीनाशक असेल तर त्याहून जास्त ठेवलेलं बरं. शिफारस असेल आणि मिसळलंच, तर टाकी भरून ठेवू नका. बीजाणू औषधाच्या पाण्यात जितका वेळ राहतील तितके मरतील. मिसळलं की लगेच वापरा.

चौथी गोष्ट, पंप आणि ड्रम. काल बुरशीनाशक मारलेल्या पंपात आज न धुता बुरशी भरली तर न मिसळताही मिश्रण झालंच की.

पाचवी गोष्ट, पिशवीवरचं लेबल. बुरशीच्या उत्पादनात एका ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत बीजाणू असणं अपेक्षित असतं. लेबलवर हा आकडा ‘सीएफयू’ म्हणून दिलेला असतो. तो बघा, नोंदणी क्रमांक बघा, वापरण्याची शेवटची तारीख बघा. दुकानात पिशवी उन्हात किंवा पत्र्याखाली तापत ठेवलेली असेल तर घेऊ नका. बीजाणू उन्हाने आणि उष्णतेने मरतात. म्हणूनच पानांवर फवारायची असेल तर बुरशी संध्याकाळी फवारतात.

सहावी गोष्ट खास मराठवाड्यातल्या आणि इतर तुती लावणाऱ्या मंडळींसाठी. बास्सींची गोष्ट आठवा. बिव्हेरिया ही मुळात रेशीमकिड्याचा रोग म्हणूनच सापडली. शेजारी रेशीम उद्योग असेल तर बिव्हेरिया फवारण्याआधी दहादा विचार करा. वाऱ्याने तुतीवर गेलेली बुरशी चांगली कीड कोणती आणि वाईट कोणती, हे विचारत नाही.

आणि शेवटची गोष्ट. कुठल्याही मिश्रणाचा निकाल स्वतःच्या शेतात तपासा. चार-सहा ओळींत फक्त बुरशी, तितक्याच ओळींत फक्त औषध, तितक्यांत दोन्ही आणि काही ओळी तशाच सोडा. दोन-तीन आठवड्यांनी प्रत्येक ठिकाणी तेवढ्याच आकाराचा खड्डा खणून जिवंत अळ्या मोजा. हिरवी बुरशी चढलेल्या मेलेल्या अळ्या सापडल्या तर तुमची बुरशी जिवंत होती. एकही सापडली नाही, तर पुढच्या वर्षी पैसे टाकण्याआधी पिशवी, पंप आणि मिश्रण यांपैकी कुठे गडबड झाली ते शोधा.

वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र, जवळचं कृषी विज्ञान केंद्र इथल्या तज्ज्ञांना एकच नेमका प्रश्न विचारा, ‘या कंपनीचं हे औषध, या बुरशीबरोबर, या पिकात तपासलंय का?’ उत्तर ‘हो’ असेल तर मात्रा लिहून घ्या. उत्तर ‘नाही’ असेल तर दोन्ही वेगवेगळ्या दिवशी वापरा.